सुई धरलेला हात

३ मार्च

बारके,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं नाव वाचून तू ते फोडायच्या आधी दोनदा उलटंपालटं केलं असशील. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र येतं तेव्हा कोणी तरी गेलं असंच माणसाला वाटतं. कोणी गेलेलं नाही. तुझे भाऊजी ठणठणीत आहेत. बसडेपोतून निवृत्त झाले तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांखाली आडवे पडलेले असतात. मीही बरी आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर आपण भांडतो. कागदावर भांडायला वेळ लागतो, तेवढ्यात राग निवतो.

काम असं आहे. या पत्राच्या पाठोपाठ तुला एक खोकं येईल. त्यात बाहुली आहे. मी ती आठ महिन्यांपूर्वी मागवली होती. या बाहुल्या तयार मिळत नाहीत, मागणी नोंदवली की मग घडवतात. हातभर उंचीची आहे. खांदे, कोपरं, गुडघे, मनगटं, सगळीकडे गोळ्यांचे सांधे. आतून रबरी दोरी ओवून ताणली की ती उभी राहते, बसते, मान वळवते. सध्या सगळे भाग सुटे आहेत.

ही माझी चौदावी. पण मी आता कपाट बंद करतेय. अठ्ठावीस एप्रिलला एक बाई येणार आहेत, त्यांचा स्वतःचा मोठा संग्रह आहे. माझ्या तेराही त्या घेऊन जातील. बोलणं झालंय. ही चौदावी मात्र त्यांना द्यावीशी वाटली नाही. तुझ्या लेकीला दे. लहान असताना ती माझ्या कपाटासमोर हात मागे बांधून उभी राहायची आणि म्हणायची, "मावशी, मी नुसती बघते हं." ते माझ्या लक्षात आहे.

कपाट का बंद करतेस, हे विचारू नकोस. जागा पुरत नाही. धूळ बसते. वय झालं. यातलं जे पटेल ते घे.

अक्षराकडे बघू नकोस. पेन नवीन आहे.

तुझी ताई


११ मार्च

ताई,

नमस्कार. तू म्हणालीस तसंच झालं. पाकीट दोनदा उलटंपालटं केलं आणि मग दातांच्या लॅबमधल्या मेण कापायच्या सुरीने नीट कापून उघडलं. तुझं आहे म्हणून फाडवेना.

घरात तीन खोल्या आणि माणसं दोन. जागा पुरत नाही हे तू कोणाला सांगतेस? आणि धुळीला घाबरणारी बाई तू नव्हेस. मला सरळ सांग, हे माझ्यामुळे आहे का? सहा वर्षांपूर्वी तुझ्या घरी, दहा माणसं जेवत असताना, मी म्हणाले होते की पाळणा हलला नाही म्हणून ताईने कपाटात बाहुल्या मांडल्या. त्याबद्दल आज लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. चौथ्या कागदावर नुसतं विचारते. त्यामुळे का?

लेक सध्या बंदरावर आहे, जहाजाची इंजिनं शिकतेय. बाहुली तिच्या हाती दिली तर ती आधी सांध्यांना तेल घालेल. म्हणून खोकं मीच उघडलं. कवळ्यांचे दात मांडते तसे सगळे भाग टेबलावर मांडले. डोकं, धडाचे दोन तुकडे, दंड, हात, मांड्या, पोटऱ्या, पावलं, काचेचे डोळे, केसांचा टोप, दोरीची गुंडाळी. चेहरा सुरेख रंगवलाय. भुवया जरा नाराज आहेत, तू शाळेत पट्टी घेऊन वर्गात शिरायचीस तशा. पण ताई, पंजा एकच आहे. डावा. उजवा पंजा कुठेच नाही. खोकं उपडं केलं, भुसा चाळला.

आता अक्षराबद्दल. नव्या पेनाने अक्षर वाईट येईल, कलंडणार नाही. तुझं अक्षर म्हणजे शिवणयंत्राची टीप असायची. या पत्रात ओळीच्या ओळी डावीकडे आडव्या झाल्यात. मी दातांची माणूस आहे. कवळी कुठे झिजली ते बघून माणूस कुठल्या बाजूने चावतो हे सांगते. मला फसवू नकोस. डोळे तपासून घे.

बारकी


१७ मार्च

बारके,

माझे डोळे शाबूत आहेत. समोरच्या इमारतीतल्या बाई कोणाचे कपडे धुतात आणि कोणाचे तसेच वाळत घालतात, ते मला इथून दिसतं.

पाळण्याचं ते बोलणं मी विसरले आहे. तेव्हा आठवण करून देऊ नकोस.

उजवा पंजा नाही ही कारखान्याचीच चूक असणार. मला पत्रव्यवहाराची हौस नाही. दुसरा मागवला तर परत सहा महिने. राहू दे तिला एका पंजाची. बघणाऱ्याची नजर काही पंजाकडे जात नाही.

तू तिला ओवणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते, उगाच भलतंसलतं करून बसशील. आधी हात साबणाने धू. चेहऱ्याला अंगठा लावायचा नाही, रंग निघतो. उन्हात ठेवायची नाही, पिवळी पडते. दोन दोऱ्या आहेत. लांब दोरी डोक्यातून धडात, धडातून दोन्ही पायांत. आखूड दोरी या हातातून त्या हातात, छातीतून आडवी. पायजम्यात नाडी ओवतो तसंच आहे, फक्त नाडी रागावलेली असते. पंजाला आकडा असतो. हाताच्या आतला दोरीचा फास बाहेर ओढायचा आणि त्यात तो आकडा अडकवायचा. बोटांनी फास ओढला तर निसटतो आणि बोट सोलतं. फासातून एक फीत घाल, फितीने ओढ, आकडा अडकव, मग फीत काढून घे. हे मी कोणी न शिकवता शोधलंय. डोकं सगळ्यात शेवटी. आणि दात-ओठ खाऊन ओढायचं नाही, ती तुझी जुनी खोड आहे.

बस. लिहून दमले.

तुझी ताई


२० मार्च

मेहुणीबाईंना,

नमस्कार. मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. डेपोत असताना रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो. कागदावर तेलाचा अंगठा उमटलाय, तो सही समजावा.

तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. "डोळे तपासून घे" या वाक्याशी आल्यावर ती हसली आणि मग उठून आत गेली. म्हणून लिहितोय. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

डोळ्यांना काही झालेलं नाही. ऑक्टोबरात ती स्टुलावर चढली होती. चौदावी येणार म्हणून वरचा कप्पा रिकामा करत होती. तिथून पडली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण बोटं आवळत नाहीत. कप धरता येतो, सुई धरता येत नाही. तुम्हाला येतात ती पत्रं ती डाव्या हाताने लिहिते. एका पत्राला तीन दिवस लागतात. जीभ बाहेर काढून लिहीत बसते, पहिलीतल्या पोरीसारखी.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, बोटं परत येतील, पण रोज काम द्यायला हवं. दाबायला रबरासारखी मऊ माती दिली होती. आमच्या बाईसाहेबांनी पहिल्या आठवड्यात दाबली, बोटांत फरक पडेना, तेव्हा ती माती कुंडीत टाकली. म्हणाली, एकतीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, आता मी चिखल कालवू?

मंडळी अजून गेल्या पावसाळ्यातल्या कोटांत उभी आहेत. (बाहुल्यांना मी मंडळी म्हणतो.) ऋतू बदलला की ती सगळ्यांचे कपडे बदलायची. आता कपाटाला चादर लावलीय. त्या बाईंना तिने स्वतः बोलावलं. मला म्हणाली, ज्यांचं काम करता येत नाही त्यांना समोर उभं करून ठेवायचं नाही.

मला तुमच्याकडून काही नको. तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

तुमचे भाऊजी


२ एप्रिल

ताई,

नमस्कार. भाऊजींना रागावू नकोस. रागावायचं तर मला रागाव, मला सवय आहे. मला सगळं कळलंय.

आधी बाहुलीचं सांगते. तिला मी ओवलं. पहिल्या खेपेला मांड्यांची अदलाबदल झाली आणि ती उभी राहिली तर गुडघे मागे वळले, शेरडासारखे. दुसऱ्या खेपेला दोरी सुटून डोकं थेट प्लास्टरच्या बादलीत. चेहरा वाचला, टोप तीनदा धुतला. तिसऱ्या खेपेला तुझी फितीची युक्ती अक्षरशः पाळली, दात-ओठ न खाता. आणि ती उभी राहिली, ताई! टेबलावर, कवळ्यांच्या रांगेमागे, स्वतःच्या पायांवर. लॅबमध्ये कोणी नव्हतं म्हणून बरं, मी मोठ्याने "बघा" म्हणाले.

पण मनगटापुढे ती नुसतीच भोकाची नळी. मला ते बघवेना. दुपारी लोकांचे दात कोरायचे आणि काम संपलं की तिचा पंजा. मेणात कोरला. करंगळीच्या दोन पेरांएवढा, त्यात पाच बोटं. पहिल्यांदा डाव्यासारखाच मोकळ्या बोटांचा करायला घेतला. कोरता कोरता तर्जनी वळली आणि अंगठ्याला जाऊन मिळाली. मी थांबले. हा हात मला पाठ आहे. मी सातवीत, तू त्याच शाळेत नवी शिक्षिका. माझं गणवेशाचं बटण रोज तुटायचं. तू मला वर्गाबाहेर उभं करायचीस आणि अंगावरच टाके घालायचीस. म्हणायचीस, "तोंडात दोरा धर आणि हलू नकोस. तेवढा वेळ तरी गप्प राहशील." मला तेव्हा माझ्या छातीजवळ फक्त तुझा हात दिसायचा. तोच हात झालाय. मग तसाच ठेवला आणि कवळीच्या मसाल्यात ओतला.

आता फाडलेल्या कागदांवरचं. ताई, मी चुकले. तू विसरलेली नाहीस आणि मीही नाही. त्या वर्षी लेक सोळाची होती. माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलायची, त्यातले दोन "जेवले" आणि "झोपते". तुझ्याकडे आली की त्या कपाटापाशी बसून तुझ्याशी तासन्‌तास बोलायची. मला हेवा वाटला. तुला सगळ्यात जास्त कुठे लागेल ते मला ठाऊक होतं आणि मी नेमकं तिथेच मारलं. बाहुल्यांचा काही संबंध नव्हता. मला क्षमा कर.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ती मावशीची आहे. परत पाठव." म्हणून पाठवतेय. पंजा मात्र बसवलेला नाही, वेगळ्या डबीत आहे. आकडा लावून दिलाय, फीतही ठेवलीय. तो तू बसवायचा. उजव्या हाताने. नाही बसला तर मला शिव्या घालायला पत्र लिही.

बारकी


९ एप्रिल

बारके,

तुम्ही दोघं मला न विचारता माझा हात वाटून घ्या. एकाने चहाडी करायची, दुसरीने उपचार करायचे. तुझ्या भाऊजींशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गॅसची टाकी बदलायची होती.

हो, डाव्या हाताने लिहितेय. आताही.

खोकं आलं. डबी उघडली. आधी मला काही कळेचना. मग तुझे भाऊजी चष्मा लावून जवळ आले आणि म्हणाले, "हिने एकाच हातात पांढरा मोजा का घातलाय?" बारके, बाहुली गव्हाळ आहे. तू पाठवलेला पंजा दातासारखा पांढरा आहे. चांगल्या घासलेल्या दातासारखा! मी हसायला लागले ते थांबेचना. खुर्चीत बसून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. ऑक्टोबरपासून या घरात एवढं कोणी हसलं नव्हतं. तुझ्या भाऊजींनी तिचं नाव ठेवलंय, कवळीवाली.

पण पंजा ओळखला. तो माझाच आहे.

विसरलेले नाही, बरोबर आहे तुझं. लागलं. पाळणा हलावा म्हणून मी अकरा वर्षं वाट बघितली हे तुला ठाऊक होतं, तूच माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचीस, म्हणून लागलं. पण तुझं चुकलं कुठे ते सांगते. बाहुल्या माझ्या मुली नाहीत. त्या माझी गिऱ्हाइकं आहेत. शाळेत एकतीस वर्षं मी रुमाल, उशीचे अभ्रे आणि ॲप्रन शिकवले. मला कोट शिवायचे होते. कंबरेत घेतलेले, खांद्याला उठाव असलेले, अस्तर लावलेले कोट. अंगाला नीट बेतलेले कपडे. मला कोण शिवू देणार होतं? गोळ्यांच्या सांध्यांची अशी बाहुली मी पहिल्यांदा बघितली तेव्हा लक्षात आलं, हिचं कोपर वाकतं. म्हणजे हिची बाही खरी बेतावी लागेल. त्या दिवसापासून माझं दुकान सुरू झालं. आता कळलं का, दुकान का बंद करतेय? शिंप्याला सुई धरता येत नसेल तर गिऱ्हाइकांनी काय त्याचं तोंड बघत बसायचं?

क्षमा केली. ती तू पत्रात मागायच्या आधीच केली होती, फक्त तुला कळवलं नव्हतं.

पंजा बसवायला घेतला होता. तीनदा. फीत फासात जाते, पण ओढताना बोटं सुटतात. नाही जमत. उगाच आशा लावू नकोस. अठ्ठावीस तारीख ठरलेली आहे. हीसुद्धा आता त्या तेराजणींबरोबर जाऊ दे. एकटी मागे राहून काय करेल?

तुझी ताई


१४ एप्रिल

ताई,

धरणी पोटात घेईल तर बरं. माझ्याकडे लॅबमध्ये रंग दोनच प्रकारचे. हिरडीचा गुलाबी आणि दातांचे पंधरा-सोळा. हिरडीचा पंजा केला असता तर भाजल्यासारखा दिसला असता. म्हणून दातांतला सगळ्यात गडद घेऊन त्यात गुलाबी कालवला. टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली तो तंतोतंत जुळला होता, शपथ. शिकाऊ मुलींना मीच रोज ओरडते की रंग जुळवायचा तर खिडकीशी जा, दिव्यावर विश्वास ठेवू नका. आणि स्वतःच्या बहिणीच्या वेळी खिडकीशी गेले नाही. मुलींना सांगितलं, त्या दोन दिवस हसतायत.

तो फेकून दे. मी दुसरा करते, या वेळी उन्हात उभी राहून. अठ्ठाविसाच्या आत पोचवते.

ताई, एक विचारू? गिऱ्हाइकं वाट बघतात. चांगल्या शिंप्यासाठी महिनोन्‌महिने बघतात. तू चौदावीसाठी आठ महिने थांबलीस, त्यांनी तुझ्यासाठी थोडं थांबायला काय हरकत आहे?

आणि अठ्ठाविसाला मी येऊ का? कपाट रिकामं होताना तू एकटी असू नयेस असं वाटतं. भाऊजी आहेत, पण ते तेव्हा कोणाच्या तरी गाडीखाली असतील. उत्तर लगेच लिही.

बारकी


२ मे

बारके,

आधी अक्षर बघ. मग वाच.

उजव्या हाताचं आहे. रोज थोडं थोडं, चार दिवस लागले. अक्षर दारू प्यायल्यासारखं चाललंय, पण कलंडलेलं नाही. तू "येऊ का" विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, त्याचं कारण हेच. उत्तर या हाताने द्यायचं ठरवलं होतं, आणि तेव्हा त्याला "ये" सुद्धा लिहिता येत नव्हतं.

तुझं दुसऱ्या पंजाचं वाचलं आणि पहिला फेकायला उचलला. तळहातावर ठेवून बघत बसले. माझ्या हाताला जे जमत नाही ते हा करून दाखवत होता. मला राग आला. त्या रागातच फीत ओवली. निसटली. दुसऱ्या दिवशी परत. एक दिवस बघते तर तुझ्या भाऊजींनी कुंडीतली ती माती धुऊन, पुसून माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवलेली. अजून तिला दोन मुळं चिकटलेली आहेत. दाबायला घेतली. सकाळी माती, मग फीत. एकवीस तारखेला सकाळी फास बाहेर आला, मी श्वास धरला, आकडा अडकला. फीत काढली तशी पंजा टक्कन मनगटात बसला. असा आवाज मी पूर्वी तेरा बाहुल्यांच्या वेळी ऐकलाय. कधी रडले नव्हते.

अठ्ठाविसाला त्या बाई आल्या. चांगल्या आहेत. हातात सुती मोजे, स्वतःची मोजपट्टी, प्रत्येकीसाठी वेगळं खोकं आणलेलं. एकेक बाहुली मान धरून नाही, पाठीला हात देऊन उचलत होत्या. त्यांनी माझ्या कोटांचे काठ उलटून बघितले आणि म्हणाल्या, "अस्तरालासुद्धा हातशिलाई?" मला वाटलं, जाऊ दे, यांच्याकडे सुखात राहतील.

मग त्यांनी चौदावीला उचललं. थांबल्या. "हिचा हा पंजा मूळचा नाही. मूळचा मिळाला तर ही पूर्ण होईल. मिळेल का?"

आता ऐक, आणि ओरडू नकोस. मूळचा पंजा तिथेच होता. मशीनवर, माझ्या बटणांच्या डब्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर. कारखान्याची काही चूक नव्हती. तुला खोकं पाठवायच्या आधी मी ते उघडलं होतं. उजवा पंजा मीच काढून ठेवला.

का, तेही सांगते. तू लहानपणापासून अर्धवट वस्तू डोळ्यांसमोर ठेवू शकत नाहीस. अख्खी बाहुली पाठवली असती तर "मिळाली, आभार" एवढं आलं असतं आणि परत सहा वर्षं गप्प. पंजा नाही म्हटलं की तू विचारशील. तू विचारलंस की मी लिहीन. एवढंच डोक्यात होतं. तू नवा घडवशील हे स्वप्नातही नव्हतं. बहिणीशी बोलायला मला चोरी करावी लागली, म्हण हवं तर.

तर त्या बाई वाट बघत होत्या. डबा उघडून पंजा दिला असता तर सगळं संपलं असतं. मी म्हणाले, "मूळचा हरवला. हा माझ्या बहिणीने केलाय."

त्या म्हणाल्या, "मग ही सोडून बाकीच्या तेरा नेते."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तेराही नाही जमायच्या. हिचा कोट बेतायचा राहिलाय. बाकीच्यांचेही उन्हाळ्याचे कपडे व्हायचेत. सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे थांबलीयत."

मला वाटलं, आता त्या चिडतील. एवढ्या लांबून आल्या होत्या. त्यांनी मोजे काढले, चष्मा पुसला आणि कवळीवालीचा पंजा खिडकीशी नेऊन बघितला. बघ, खिडकीशी! म्हणाल्या, "हिने सुई धरलीय का?" मी हो म्हणाले. मग आम्ही चहा घेतला. त्यांच्या एका बाहुलीसाठी लांब कोट हवाय, करड्या रंगाचा. मी म्हटलं, एक वर्ष लागेल. म्हणाल्या, थांबते. रिकामी खोकी इथेच ठेवून गेल्या. तुझ्या भाऊजींनी त्यांत गाड्यांचे पाने आणि नट भरलेत.

खोटं बोलले त्याचं मला वाईट वाटतंय, पण फार नाही. तुझा दुसरा पंजा अजून आला नाही, आता पाठवूही नकोस. मूळचा डब्यात आहे, तिथेच राहील. हिच्या अंगाला आता हाच.

काल कोटाचा कागद कापला. कात्री डाव्या हातात, कागद उजव्याने धरला. बाहीत अर्ध्या बोटाची चूक झालीय, ती मुद्दाम ठेवणार आहे, कोणी विचारलं तर फॅशन आहे म्हणून सांगेन. तू त्या पंजाच्या अंगठ्यात आणि तर्जनीत केसाएवढी फट ठेवलीयस, ती मला कालच दिसली. मणी ओवायची सगळ्यात बारीक सुई त्यात बरोबर बसली. तिच्यात दोराही घातलाय. चौथ्या खेपेला गेला.

आता ये. लेकीला रजा मिळाली तर तिलाही आण, कपाटावरची चादर काढलीय. येताना बटण तुटलेला एखादा कपडा घालून ये. नसेल तुटलेलं तर तोड. मी अंगावरच लावून देईन. तोंडात दोरा धरून गप्प उभी राहा. या खेपेला वेळ लागेल.

तुझी ताई